कृपा कुठल्या रकान्यात?

अहेरी, २१ जानेवारी १९५६

आज पुन्हा डोकं फिरलं. प्रबंधासाठी ‘देवाची कृपा कधी अनुभवली?’ असं गावोगाव विचारत हिंडतोय. प्रश्नावलीत ‘कृपा कशामुळे झाली?’ याचे रकाने दोनच, नवस आणि पुण्य. म्हाताऱ्या ठमाबाईंचं उत्तर कुठे बसवू?

“वीस वर्सामांगं नवरा मेला तवा मी महिनाभर उठली नाई,” त्या म्हणाल्या. “शेजारची सोनाबाई रोज येऊन माहे केस विंचरून जाये. आमचं तं भांडण होतं, बोलणं बी नव्हतं.”

“मग ती का आली?”

“मले काय माहीत? मी कुठी बोलावलं होतं?”

केस विंचरणं! मी देवाबद्दल विचारतोय आणि ही बाई... चिडूनच सोनाबाईंकडे गेलो. त्या धान पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “विंचरले असन. मले आठवत नाई.”

एकीला इतक्या वर्षांनी केसांतली फणी आठवते, आणि जिनं विंचरले ती विसरूनही गेली!

आणि मी? दादाशी दोन वर्षं अबोला. त्यानं आधी माफी मागावी म्हणून अडून बसलोय. आत्ता प्रश्नावली सारून त्याला पत्र लिहायला घेतलं. ‘प्रिय दादा’च्या पुढे सरकत नाही. राग अजून तेवढाच आहे, पण कागद फाडलेला नाही.