वुडलोचे घर ज्युडिथला

परमेश्वराच्या कृपेने, आणि वैद्यांच्या मताविरुद्ध, अजून शुद्धीवर असलेला मी, सर रॅल्फ डेनशॉ, राहणार वुडलो, परगणा हेरफर्डशायर, हे मृत्युपत्र पाद्री टोबायस लीच यांच्या हातून लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणावे असा मी आता उरलेलोही नाही.

एक. माझा देह गावच्या चर्चमध्ये माझी पत्नी मार्गारेट हिच्याशेजारी ठेवावा. प्रवचन करू नये. पार्लमेंटात बसून मी जन्माची भाषणे ऐकली आहेत.

दोन. थोरला मुलगा लायनेल राजा आणि पार्लमेंट यांच्या युद्धात राजाकडून लढला आणि हल्ली फ्रान्समध्ये कोणाच्या तरी माळ्यावर राहतो. माझी पदवी वारशाने त्याला जाईल. ती विकता येत नाही म्हणूनच शिल्लक आहे. धाकटा माइल्स पार्लमेंटच्या फौजेत कॅप्टन आहे. त्याला पाणचक्की आणि माझी कायद्याची पुस्तके द्यावीत. लोक म्हणतात, म्हातारा पक्का, दोन दगडांवर पाय ठेवून बसला. कोणीही जिंकले तरी घर वाचणार. एवढी अक्कल मला असती तर बरे झाले असते. एका रविवारी दोघे जेवता जेवता भांडून उठले आणि दोन दारांनी बाहेर पडले. मी तेव्हा मटण कापत होतो.

तीन. शेजारी आणि बालमित्र सर बार्नबी ग्रेट्रिक्स याच्याविषयी. आमच्या परगण्यातून पार्लमेंटवर कोणी जायचे हे आम्ही घराणेदार मंडळी आधीच जेवणावर ठरवत असू. मतदानाची पाळी येणे हीच बेअब्रू. युद्ध आले तेव्हा आम्हाला वाटले, हेही तसेच मिटेल. बार्नबी राजाचा, मी पार्लमेंटचा. तरी आम्ही दोघांनी चर्चच्या वेदीसमोर प्रभुभोजनाची पवित्र भाकर घेऊन शपथ वाहिली की परगण्यात कोणाचीच फौज येऊ द्यायची नाही. फौजांना विचारायचे तेवढे राहिले. वर्षाच्या आत राजाच्या माणसांनी वुडलोला वेढा घातला आणि त्यांच्यात बार्नबी होता. मी लंडनला होतो. घर लढवले माझ्या मुलीने, ज्युडिथने. छपरावरचे शिशाचे पत्रे उतरवून तिने गोळ्या ओतल्या.

तोफेच्या आड येतात म्हणून बार्नबीने माझ्या आजोबांनी लावलेली पेअरची झाडे तोडली. त्यांच्या फळांच्या दारूचे शेवटचे पिंप मी त्यालाच देतो. दर घोटाला त्याला लाज वाटावी एवढाच हेतू. साक्षीला म्हणून तो समोरच बसला आहे. "रॅल्फ, झाडं म्हातारी झाली होती रे," असे म्हणाला. मी म्हटले, "आपणही झालोय. आपल्याला तोडलं का कुणी?" लीच यांनी तेही लिहून घेतले. राहू द्यावे.

चार. गेल्या हिवाळ्यात मी राजाशी तह करा असे मत दिले, म्हणून माझ्याच बाजूच्या शिपायांनी मला पार्लमेंटच्या दारातून परत पाठवले. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो मी. त्यांच्यापैकी कोणीही अंत्यविधीला येऊ नये. आलेच तर जेवायला घालावे.

पाच. वुडलोचे घर व शेतजमीन ज्युडिथला. लायनेलला दिली तर सरकार जप्त करील, माइल्सला दिली तर लायनेलला दार बंद होईल. म्हणून ज्युडिथने लग्न न करता येथेच राहावे, दोघा भावांच्या खोल्या तयार ठेवाव्यात आणि त्यांचे पटेल तेव्हा घर त्यांच्या स्वाधीन करावे.

लीच यांनी एवढे वाचून दाखवले तेव्हा ज्युडिथ माझा काढा घेऊन आली होती. वेढ्यानंतर जखमींवर उपचार करायला आलेला एझ्रा कोल हा ग्लॉस्टरचा शल्यवैद्य गेली काही वर्षे तिच्या होकाराची वाट पाहत आहे, हे मला ठाऊक होते. चार दिवसांत तो विसरेल, असे मी धरून चाललो होतो.

तिने पेला ठेवला. "बाबा, हे कुणी ठरवलं?"

"मी. सगळ्यांच्या भल्यासाठी."

"आणि मला कधी विचारणार होतात? तुम्ही गेल्यावर?"

बार्नबी खिडकीबाहेर पाहू लागला. माझी लेक बंदुकांपुढे उभी राहिली होती, आणि मी तिला दोन भावांमधले कुंपण करून ठेवत होतो. मला फार वाईट वाटले, आणि ते येथे नोंदवतो.

म्हणून पाचवे कलम खोडून असे लिहावे: वुडलोचे घर व जमीन ज्युडिथला, कोणत्याही अटीशिवाय. राहावे, विकावे, कुलूप लावून ग्लॉस्टरला जावे. डेनशॉ नाव येथून पुसले गेले तरी चालेल. भावांनी वाद घालू नये.

हे वाचून झाल्यावर मी तिला विचारले, "चालेल का तुला?"

"विचार करून सांगते," ती म्हणाली आणि दार ओढून निघून गेली.

तिचे उत्तर येईपर्यंत जगावे असे मी ठरवले आहे. तोवर हे कलम असेच समजावे.

ठिकाण वुडलो. अशा कागदावर राजाच्या राजवटीचे वर्ष घालण्याची रीत आहे. जानेवारीत पार्लमेंटने राजाचे डोके उडवले, तेव्हा यंदा राजा नाही. म्हणून फक्त ख्रिस्ताचे वर्ष १६४९, ऑक्टोबरची नववी तारीख.

सही: रॅल्फ डेनशॉ

साक्षीदार: टोबायस लीच, पाद्री
बार्नबी ग्रेट्रिक्स, शेजारी