मिठाच्या मैदानावर सुधीर

१२ मार्च २००६, वेस्ट विंडसर
सुधीर आज पुन्हा वॉल्टच्या गोठ्यात. गाई जाऊन कित्येक वर्षं झाली, मी अजून गोठाच म्हणते. जेवायला बोलवायला गेले तर दोघं गाडीखाली, चार बूट तेवढे बाहेर. साठीचा माझा नवरा आणि चौऱ्याहत्तरचा शेजारी. रिटायर झाल्यावर सु. दिवसभर घरात पायात पायात येईल अशी भीती होती. दिसतच नाही.
गाडी म्हणजे लांब, निमुळती नळी. चाकं बाहेर. वॉल्टने भावाबरोबर बांधायला घेतली होती. भाऊ गेला, गाडी अर्धी राहिली. आता ऑगस्टमध्ये यूटाला न्यायची म्हणे. तिथे आटलेल्या तळ्याचं मिठाचं मैदान, मैलोन् मैल सपाट. वॉल्टला एकदा तरी ताशी दोनशे मैलांच्या वर जायचंय. म्हटलं, जा बाबा. चालवणार तो, मला काय.

३ मे
वॉल्टच्या फॉर्मवर डॉक्टरने सही दिली नाही. हृदयाचे ठोके अनियमित. संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसला, चहा निम्मा ठेवून गेला. त्याच्या पाठीकडे बघत सु. दारात बराच वेळ उभा.
भांडी घासताना मला म्हणाला, "मी चालवीन म्हणतो."
मी नळ मोठा केला.

६ मे
तीन दिवस धड बोलणं नाही. तीस वर्षं मी फिजिओथेरपी करतेय. मानेखाली काही हलत नाही अशी माणसं खुर्चीत बसवलीत. बरीचशी गाडीतून आलेली, तीही साध्या रस्त्यावरच्या. सगळं ऐकवलं त्याला. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग म्हणाला, "तुझं बरोबर आहे." आता यावर भांडायचं कसं?
गौरीला मॉरिसव्हिलला फोन केला. म्हटलं मुलगी तरी समजावेल. तर, "बाबा? रेसिंग? दॅट्स सो कूल." पाच मिनिटांनी तिचाच परत फोन. "आई, इज इट सेफ?"

२१ मे
नियमांचं पुस्तक वाचून काढलं. आगीचा सूट. गाडी उलटली तर हात बाहेर फेकले जाऊ नयेत म्हणून दंडांना पट्टे. थांबायला मागे पॅराशूट, कारण त्या वेगाला ब्रेक मारला की संपलं. गाडी जरा आडवी झाली की वारा खाली शिरतो आणि उचलतो. प्रत्येक नियमामागे कोणीतरी माणूस असणार, ज्याचं काहीतरी झालं.
सु.ला सांगितलं: जायचंय तर जा, पण मान माझ्या ताब्यात. रोज सकाळी व्यायाम, न चुकता.
तो इतका खूश झाला की मला रडू आलं. दाखवलं नाही.

१७ जून
डोळे बांधून गाडीतून बाहेर पडायची परीक्षा असते तिथे. आग लागली तर धुरात दिसत नाही म्हणून. माझी ओढणी बांधून सराव. पहिल्यांदा पट्टाच सापडेना. वॉल्ट घड्याळ बघून म्हणाला, हा भाजला. दुसऱ्यांदाही भाजला. नवव्यांदा सुटला. घामाघूम, केस उभे. मला म्हणे, "आता तुझी ओढणी धुऊन देतो." दिली नाही, ते सोडा.

१२ ऑगस्ट, यूटा
चौथ्या दिवशी पोचलो. ट्रेलर, वॉल्ट, आम्ही दोघं, आणि माझे मेथीचे ठेपले, जे वॉल्टनेच संपवले. मैदानाचं काय लिहू. पांढरं. खाली बघितलं तरी डोळे दिपतात. वॉल्टने हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांतसुद्धा क्रीम लावायला सांगितलं, कारण ऊन खालून येतं. मी हसले. संध्याकाळी नाकपुडी भाजली.
सु. अनवाणी थोडा चालून आला. "शुभा, इथे आवाजच नाही," म्हणाला.

१३ ऑगस्ट
नवख्यांना एकदम सोडत नाहीत. आधी सव्वाशे, मग दीडशे, अशा पायऱ्या. आज दोन झाल्या. पिकअपने ढकलून गाडी चालू करायची. लांब जाऊन ती ठिपका होते, मग ठिपकाही नाही. मग फक्त रेडिओ. "पॅराशूट उघडलं" असं ऐकू येईपर्यंत मी रेडिओला कान लावून.

परत आला तो दहावी पास झाल्यासारखा. वॉल्टने त्याला मिठी मारली. वॉल्ट कोणाला मिठी मारत नाही.

१५ ऑगस्ट, सॉल्ट लेक सिटी, हॉस्पिटल
कालचं लिहून ठेवते. नाही तर नंतर वेगळं आठवेल.
सकाळी वारा नव्हता. दहा वाजता जरा आला. वॉल्ट म्हणाला, थांबू या का. सु. म्हणाला, झेंडा तर हललाही नाहीये. मी काहीच बोलले नाही. का नाही बोलले.
तिसऱ्या मैलापाशी पांढरा लोट उठला. वाटलं धूर, पण मीठ होतं. रेडिओवर: गाडी फिरली. मग: गाडी उलटली. मग काही नाही. वॉल्ट होता तिथे मिठावर बसला. मी पिकअपच्या किल्ल्या घेतल्या तर तिथल्या माणसाने अडवलं, ट्रॅकवर कोणी जायचं नाही, अँब्युलन्स निघालीय. बरोबरच होतं त्याचं. तरी मी त्याला मराठीत बोलले ते बोलले.
मग सोडलं. गाडी चाकांवर उभी, शेपूट गेलेली. सु. दहा पावलांवर आडवा. स्वतःच बाहेर आला, अँब्युलन्सवाले म्हणाले. हेल्मेट काढायला निघाले होते, मी ओरडले, थांबा. डोक्याशी गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी धरलं. किती जणांची डोकी अशी धरली असतील. काल सु.चं.
म्हटलं, "पायाची बोटं हलव."
आधी डावा बूट. बऱ्याच वेळाने उजवा.
मग काचेतून माझ्याकडे बघून म्हणाला, "तू इथे कशी? आज ड्यूटी नाही?"

१६ ऑगस्ट
कॉलरबोन मोडलंय, डोक्याला मार. मान शाबूत. डॉक्टरने विचारलं, मानेचे व्यायाम करायचा का? सु. म्हणाला, "करायला लावायची."
त्याला तो दिवसच आठवत नाही. नाश्ता केलेला आठवतो, मग एकदम हॉस्पिटल. मला सगळं दिसतं, डोळे मिटले की जास्तच. आणि ज्याला झालं त्याच्याकडे काहीच नाही.
वॉल्ट वेटिंग रूममध्ये टोपी हातात घेऊन. म्हणाला, गाडी भंगारात देतो, शुभा. मी म्हटलं आधी जेवून घे.

८ ऑक्टोबर, घरी
सु.चा हात खांद्यापर्यंत येतो, वर नाही. कुरकुर करत व्यायाम करतो. वॉल्ट रोज येतो, गाडीचं नाव काढत नाही. दोघं अंगणात बसून पानं गोळा न करण्याबद्दल चर्चा करतात.
आज टेबलावरच्या पुस्तकात मैदानावर मिळालेली वेगाची चिठ्ठी सापडली. उलटायच्या आधीचा आकडा. दोनशेला नऊ कमी. सु.ने घडी घालून ठेवली होती. मी परत तिथेच ठेवली.

२२ एप्रिल २००७
गोठ्यातून पुन्हा वेल्डिंगचा उजेड. वॉल्टला विचारलं, भंगाराचं काय झालं? म्हणाला, नुसती सरळ करून ठेवतोय. सु. अशा चेहऱ्याने उभा की हसू आलं. रागावायचं राहून गेलं.

१० जून
सु.ने आज सरळ विचारलं. ऑगस्टचा फॉर्म आलाय, चालवणाऱ्याचं नाव कोरं आहे. "तू नाही म्हणालीस तर विषय संपला. पण मनात ठेवू नकोस." म्हटलं, विचार करते. गौरीला विचारलं तर म्हणाली, "आई, आय डोन्ट वॉन्ट टू बी द वन टू डिसाइड."

१४ जून
सु. दाताच्या डॉक्टरकडे गेला तेवढ्यात मी वॉल्टकडे गेले. म्हटलं, मला आत बसव. त्याने काही विचारलं नाही. हेल्मेट घातलं, पट्टे आवळले, झाकण लावलं. गाडी जागेवरच उभी, इंजिन बंद.
आत हात हलत नाहीत. मान हलत नाही. समोर पोस्टकार्डाएवढी काच, तिच्यातून गोठ्याचं दार आणि बाहेरचं थोडं गवत. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो. भीती वाटली. मग वाटेनाशी झाली, ते जास्त वाईट. वॉल्टने झाकण उघडायला हात घातला तर मी म्हटलं, अजून एक मिनिट.
घरी आले तर सु. गाल सुजलेला घेऊन ओट्याशी. माझ्या कोपराला ग्रीस लागलेलं त्याने बघितलं. बघतच राहिला. तोंड बधिर, बोलता येईना.
मी आमटी फोडणीला टाकली. फॉर्म तीस तारखेपर्यंत पाठवायचाय, चालवणाऱ्याचं नाव अजून कोरंच.