पाणी न धरणारा तुकडा

बा, सगळ्यांत आधी कोण आला असेल, तर वीटभट्टीवाला. बोलावलं होतं शेतीखात्याच्या बाईंना, आणि हा त्यांच्याआधी हजर, हातात पेढ्यांचा पुडा. अंबाडी गावाच्या पुढचा डोंगराखालचा आपला तुकडा, तुझ्यामागं माझ्या नावावर आलेला, कारण तू मला भाऊ ठेवला नाहीस. तिथं गाडीतून आम्ही उतरतो न उतरतो, तर हा आंब्याच्या बुंध्याला टेकून बसलेला. मला बघून उठला, वाकून पाया पडला. "आजी, तब्येत काय म्हनते?" मी म्हटलं, "माझी तब्येत बरी हाय. तू पुडा नुसता धरून काय बसलायस, उघड की." सुनेनं मला कोपरानं ढोसलं. तिला तो माणूस डोळ्यांसमोर नको होता आणि मी त्याचा पेढा खात होते. पण पेढ्यानं काय घोडं मारलंय?

आता तुला सगळं नीट सांगायला हवं. तू गेलास तेव्हा माझा मुलगा रांगत होता. आज त्याचं पोट सुटलंय आणि शेलार गावात त्याचे कापडाचे लूम आहेत. लूम, शिफ्ट, माणसं ड्युटीवर आली का नाही आली, याच्यापलीकडं त्याला जग नाही. शेतात तो पाहुण्यासारखा येतो. तर या भट्टीवाल्यानं त्याला गाठलं. म्हणे वरची दोन हात माती खरवडून विटांना नेतो आणि जमीन सपाट करून देतो. मुलगा म्हणाला, "आये, नुसती पडून हाय. त्यापेक्षा कुनाच्या घराची भिंत तरी होईल." बोलणं वाईट नव्हतं त्याचं. पण सुनेच्या मनात मोगरा. कुठंसं शिकून आली ती, चार दिवस मुक्काम करून, आणि आल्यापासून घरात मोगऱ्याशिवाय बोलणं नाही. डाळीला फोडणी देतानाही मोगरा. मग दोघांनी आपसात ठरवलं, की बाईंना बोलवायचं, खड्डा खणायचा. पाण्याचा निचरा होत असला तर मोगरा. मुळाशी पाणी तुंबत असलं तर मोगरा कुजतो म्हणतात, मग माती भट्टीला. मला कुणी विचारलं नाही. सही मात्र माझी लागणार होती, म्हणून गाडीत पुढच्या सीटवर बसवून आणलं.

बाई स्कूटरवरून आल्या. वयानं माझ्या धाकट्या मुलीएवढ्या, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, पिशवीत एक सुरी, मोजायची टेप, पाण्याचा फवारा आणि एक बूड कापलेला पत्र्याचा डबा. भट्टीवाला पुढं झाला, "म्याडम, माझा जेसीबी मागंच उभा हाय. दोन मिनिटांत खड्डा." बाई म्हणाल्या, "नको भाऊ, जेसीबीनं सगळं विस्कटतं. मला खड्ड्याची एक भिंत सरळ हवी, उन्हाच्या बाजूची." झालं, कुदळ आली माझ्या मुलाच्या हातात. बा, तू असतास तर हसून हसून खाली बसला असतास. चार घाव घातले की कमरेला हात, चार घाव घातले की पाणी. मी म्हटलं, "लूम नाय रे तो, बटन दाबून चालंल." सून पदरात तोंड खुपसून हसली. शेवटी भट्टीवाल्यालाच दया आली, शर्ट काढून तो खड्ड्यात उतरला. ज्याला माती न्यायची होती त्यानंच निम्मा खड्डा खणला, हेही लिहून ठेवते.

खड्डा छातीएवढा झाला. बाईंनी आत उतरून सुरीनं भिंत तासली, वरून फवारा मारला. आणि काय सांगू बा, कोरडी होती तोवर सगळी एकच माती दिसत होती, ओली झाली तशी धुतलेल्या लुगड्याच्या काठासारखे एकेक रंग उठून आले. मी काठावर पाय खाली सोडून बसले. मुलगा ओरडला, "आये, पडशील." मी म्हटलं, "पडले तर खड्डा तयारच हाय." इतकी वर्षं आपण जमिनीच्या पाठीवर चाललो रे, तिच्या पोटात कधी डोकावलो नाही. विहीर खणली तेव्हा मी तिकडं फिरकायचं नाही असा तुझा दंडक होता.

सगळ्यात वर पाचोळा, त्याखाली काळसर माती, मुळांनी भरलेली, हातात घेतली की रव्याच्या लाडवासारखी फुटणारी. त्या मातीत काळे काळे कोळशाचे कण. बाईंनी विचारलं, इथं वणवा लागला होता का? मी म्हटलं, वणवा कसला, राब भाजायचो आम्ही, शेण-पाचोळा पसरून जाळायचा आणि त्यावर रोपं टाकायची. आणखी खाली गेल्यावर तांबूस माती, तिच्यात गांडुळांची बिळं, बोटभर लांब, आतून गुळगुळीत. त्याखाली पिवळट मुरूम, आणि अगदी तळाशी दगड. पण दगड कसला, बाईंनी सुरी लावली तर कांद्यासारखे पापुद्रे निघाले. म्हणाल्या, "आजी, हा दगड कुजतोय, म्हणजे माती व्हायला लागलाय. डोंगरातून वरची माती वाहून येते आणि खालून ही तयार होते." मी विचारलं, "म्हंजे जमीन दोन्हीकडनं वाढते?" त्या म्हणाल्या, "तसंच." मला फार बरं वाटलं ते ऐकून. का, ते नाही सांगता येत.

मग त्यांनी तांबूस माती तळहातावर घेतली, पाणी शिंपडलं, मळली आणि बोटांत धरून पट्टी ओढली. थोडी लांब आली आणि तुटली. "वाळू, गाळ, चिकण, तिन्ही बेतात. पोयटा आहे छान." मी म्हटलं, द्या इकडं. मी पण मळली. आयेची तांदळाची भाकरी आठवते? उकड कमी पडली की कडा फाटायच्या, जास्त झाली की भाकरी हाताला चिकटायची, आणि मधली जमली की ती पहिली भाकरी तुझ्या ताटात टाकायची. ही माती तशी मधली होती. भट्टीवाल्यानंही गोळा केला, हवेत उडवला, झेलला. "माती लाख हाय," म्हणाला. एकाच मातीकडं तिघं बघत होतो आणि तिघांच्या डोळ्यांपुढं वेगळं. त्याच्या विटा, सुनेच्या कळ्या, माझ्या भाकऱ्या.

आणि मग ते दिसलं. काळ्या मातीच्या खाली, तांबूस मातीच्या वर, मधोमध दोन बोटं जाडीचा राखाडी पट्टा. बाई त्याला नखानं टोकरत राहिल्या. "हे विचित्र आहे. हा थर इथला नाही." सुनेचा चेहरा उतरला. मी वाकून त्याचा चिमूटभर तुकडा काढला, नाकाशी धरला, आणि बा, तू समोर उभा राहिलास. गुडघ्यापर्यंत चिखल, लंगोटीसुद्धा माखलेली, कपाळावर चिखल, आणि तोंडानं जमिनीला शिव्या.

आपण भातवाले. पाणी धरील ती जमीन, न धरील ती कसली जमीन, हे तुझं गणित. खालची खाचरं पाण्यानं भरलेली असायची आणि हा तुकडा एका रात्रीत कोरडा. तू बांध घातलास, तरी कोरडा. मग तुझ्या डोक्यात आलं की याला तळच नाही, आपण तळ घालू. उन्हाळ्यात गावच्या तळ्यातली चिकण माती टोपल्यांनी वाहून आणलीस. तू भरायचास, आये डोक्यावर घ्यायची, मी मागून छोटी टोपली घेऊन यायचे. ती पसरली, भिजवली, आणि तू बैलासारखा तिच्यावर नाचलास, भिंतीचा गिलावा मळतात तसा. पावसात पाणी थांबलं. तू बांधावर उकिडवा बसून ते पाणी बघत होतास, विडी पेटवायची विसरलास. सकाळी उठून गेलो तर पाणी नाही. मी विचारलं, "बा, पानी जातं कुठं?" तू म्हणालास, "तुझ्या सासरी जातं! गप बस." दुसऱ्या वर्षी परत माती. तिसऱ्या वर्षी आयेनं टोपली खाली ठेवली ती उचललीच नाही. मग तू तिथं राब भाजून वरी टाकलीस, काकड्या टाकल्यास, आणि लोकांत त्या तुकड्याचं नाव काढायचं बंद केलंस. तू गेल्यावर तो पडूनच राहिला, डोंगरानं वरून माती आणून टाकली, आणि तुझा तळ गाडला गेला.

मी बाईंना हे सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, तुमच्या वडिलांनी केलेला तळ दबून आता पाणी धरत असला, तर मोगरा इथं नाही जगणार. बघायला लागेल." त्यांनी बाजूला वरची माती काढून तो राखाडी थर उघडा केला, त्यावर बूड कापलेला डबा ठोकून बसवला, आणि आत पाणी ओतलं.

पाणी थांबलं.

सून नखं खात होती. मुलगा मोबाइल काढून बघायला लागला, पण त्याचं लक्ष डब्यात होतं, मला कळतं ना. भट्टीवाला खांद्यावर शर्ट टाकत म्हणाला, "म्हंजे माती आमचीच, शेठ." बा, तुझं पाणी थांबलं होतं. ज्याच्यासाठी तू दोन उन्हाळे आयेचं डोकं टोपलीखाली घातलंस ते पाणी त्या डब्यात आरशासारखं उभं होतं, आणि त्यात आंब्याची पानं दिसत होती. आणि तुझी लेक काठावर बसून मनातल्या मनात म्हणत होती, जाऊ दे, देवा, जाऊ दे ते पाणी. चहा आला, थर्मासातला. कुणी प्याला नाही. मी प्याले, थंड करून काय करायचा?

मग एक बुडबुडा आला. एकच. गुडुप करून फुटला. मग त्याच्याच शेजारी दुसरा. बाई गुडघ्यांवर बसल्या, डब्यात डोकं घालून म्हणाल्या, "हवा वर येतेय, म्हणजे पाणी वाट काढतंय." आणि पाणी खाली चाललं, आधी दिसेल न दिसेलसं, मग डोळ्यांदेखत. परत भरलं, परत गेलं. त्यांनी डबा उचलून सुरीनं तो थर कापून दाखवला. आरपार भोकं. मुळं गेलेली, कुजून पोकळ झालेली, गांडुळं वर-खाली करून गेलेली. "एवढ्या वर्षांत यांनी तुमच्या वडिलांचा तळ विंधून टाकलाय, आजी," त्या म्हणाल्या. मी टाळ्या वाजवल्या. तुझ्या हरण्यावर टाळ्या वाजवल्या मी, बा, आणि सून माझ्या गळ्यात पडली. तिचे डोळे भरले होते.

मुलगा थोडा वेळ खड्ड्याच्या काठाकाठानं फिरला. ओंजळभर तांबूस माती उचलली, बघितली, टाकली, परत उचलली. मग भट्टीवाल्याला म्हणाला, "दादा, माती न्हाय देत. बायकोला बाग करू दे." तो म्हणाला, "तुमी खड्डा माझ्याकडनं फुकटात खनून घेतला की!" आणि स्वतःच मोठ्यानं हसला. उरलेले पेढे आमच्याकडंच राहिले. चांगला माणूस आहे. पण माती त्याला पुन्हा दाखवायची नाही.

बाई मातीचा नमुना घेऊन सामान भरायला लागल्या तेव्हा मी त्यांना गाठलं. म्हटलं, एवढं सांगा, हे पाणी जातं कुठं? लहानपणापासूनचा प्रश्न आहे. त्यांनी मला खाली हात करून दाखवलं. मुरमातून उतरतं, खाली घट्ट खडक लागला की त्याच्यावरून उतारानं सरकत जातं, आणि ती बांधाखालची विहीर दिसते ना, तिच्यात पाझरतं. बा, ती आपली विहीर! मे महिन्यातही जिचा तळ कधी दिसला नाही, जिचं पाणी शेंदून तू त्या जमिनीला शिव्या घालायचास आणि मग तेच पाणी घटाघटा प्यायचास. ते हरवत नव्हतं रे. तिथंच जात होतं, तुझ्या तांब्यात. मी हे मुलाला सांगितलं, तो म्हणाला, "आजोबांना कोन सांगनार आता?" म्हणून लिहायला बसले. तिसरीपर्यंत शिकवलंस तेवढ्यावर लिहितेय, वेलांट्या चुकल्या असतील. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळं तू काही बोलणार नाहीस. आणि पत्ता काय घालायचा, हा कागद माझ्या उशीखालीच राहील.

एक सांगते, तुलाच. बाई निघाल्यावर मुलगा खड्डा बुजवायला निघाला होता. म्हणाला, जनावर पडंल. मी म्हटलं, नको, बाईंनी उघडा ठेवायला सांगितलाय. बाईंनी तसं काही सांगितलं नव्हतं. मला परत जाऊन बघायचंय, नुसतं बसून, तो कांद्यासारखा दगड, ती बिळं. बिचाऱ्यानं भोवती काट्या टाकल्या आणि गाडी काढली. आता बाई परत येतील तेव्हा त्यांच्यासमोर ही थाप उघडी पडायच्या आत मला त्यांना एका बाजूला घ्यावं लागणार. मातीच्या तपासणीचा कागद घेऊन मंगळवारी येते म्हणाल्यात.