पाइपावरचं कमळ

ता. परंडा, जि. धाराशिव
६ फेब्रुवारी २०२५

चि. राजनंदिनीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे बरं आहे. आईचा गुडघा थंडीनं धरला होता, आता काठी घेऊन अंगणापर्यंत येते. शंभूचा अभ्यास कसा चाललाय? मावशीनं विचारलंय म्हणावं. ज्वारी काढणीला आलीय, त्यामुळं शाळेत पोरं कमी. आईनं तुझ्यासाठी शेंगाचटणी कुटून ठेवली आहे. धाराशिवला जाणारं कुणी भेटलं की पाठवते.

तुझं पाकीट मिळालं. मी काढलेली चारही चित्रकार्डं सुखरूप आहेत. पण पाकीट कशाला गं? कार्ड उघडं पाठवायचं, चित्रावर डाकेचा शिक्का बसला पाहिजे, हा नियम तुझाच ना? आपला पोस्टमन गुंडाप्पासुद्धा हिरमुसला. आपल्या चित्रगटातल्यांची कार्डं आधी पारावर फिरतात, दहा जण बघतात, मग माझ्या दारात येतात. बिचाऱ्याला पाकिटातलं काय दिसणार!

तू गट काढलास तेव्हा मला केवढं कौतुक वाटलं होतं. एकच पाणी चार कार्डांवर मिळून काढायचं आणि एकेक कार्ड एकेकाला डाकेनं धाडायचं. कुणाचा कालवा, कुणाची विहीर, कुणाचं धरण. कार्डाच्या दोन्ही कडांना पाण्याची रेघ ठरल्या उंचीवर ठेवायची, म्हणजे कुणाचंही कार्ड कुणाच्याही शेजारी लावलं तरी पाणी सलग दिसतं. उमरग्याच्या उमाशंकरांचा कालवा आपल्या तळ्याला येऊन मिळाला, तेव्हा आई खुळ्यासारखी हसत होती. आणि तुझा सगळ्यात लाडका नियम म्हणजे ज्या पाण्याचं चित्र, त्याच पाण्यात रंग कालवायचा.

यावेळी प्रदर्शन भरवायचं म्हणून तू सगळ्यांची कार्डं स्वतःकडे मागवलीस. मी आपलं तळं जसं आहे तसं काढलं. वर पांढरी साय धरलेलं. कडेला पोट वर करून पडलेले मासे. भराव फोडून आलेला पाइप आणि त्यातून पडणारं पनीरचं आंबट पाणी. रंगासाठी तांब्याभर आणलं तर ते घरात ठेववेना. ओट्यावर बसले, नाकाला पदर बांधला, तरी माशा कार्डावरून उठेनात. दोनदा उठून ओकून आले. तेव्हापासून दुधाचा चहा घशाखाली उतरत नाही. गुरं पाण्याला तोंड लावत नाहीत, हुंगतात आणि मागे फिरतात. जनावराला कळतं ते माणसाला कळत नाही.

पनीरचा कारखाना मल्हाररावांचा आहे, हे मी चित्रात कुठंही लिहिलं नव्हतं. बहिणीच्या नवऱ्याचं नाव चव्हाट्यावर आणायचं माझ्या मनातही नव्हतं. पाइप दिसतो, तेवढाच काढला. पारावर चर्चा नको म्हणून कार्डंसुद्धा गुंडाप्पाकडं न देता परंड्याच्या पोस्टात टाकली.

प्रदर्शनाला आई आणि मी एसटीनं धाराशिवला आलो. आई जोडलेल्या कार्डांच्या त्या लांब पट्टीसमोरून सावकाश चालत आली आणि माझ्या नावापाशी थांबली. म्हणाली, "अक्षदा, आपलं तळं कवा निवळलं गं?" मी पाहिलं. निळंशार पाणी आणि त्यात कमळं. मासे गेले, साय गेली, खाली नाव मात्र माझं. तू पाहुण्यांना पेढे वाटत होतीस. माझ्यासमोर ताट धरलंस तेव्हा तुझी नजर ताटात होती. त्या पेढ्याचा वास आला आणि मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. तुला वाटलं मी रागावले. राग नव्हता तो.

नंतर फोनवर तू म्हणालीस, जोड बसत नव्हता. एका बाजूला उमाशंकरांचं निळं पाणी, दुसऱ्या बाजूला माझं सायीचं, मधली शिवण डोळ्यांत खुपत होती, म्हणून जरा हात फिरवला. मी ऐकून घेतलं. पाहुण्यांसमोर सगळं देखणं दिसावं ही तुझी लहानपणापासूनची हौस, असं मनाला समजावलं.

मग गावात बैठक झाली. सखूबाई मेंढरंवाली उभी राहिली. तिची तीन कोकरं गेली आहेत. पाइप बंद करा एवढंच ती म्हणत होती. सरपंच धनाजीनं खिशातून मोबाइल काढला आणि तुझ्या प्रदर्शनाच्या भिंतीचा फोटो सगळ्यांसमोर फिरवला. मल्हाररावांनी पाठवला होता.

"ही बघा, मास्तरीणबाईच्या हातची कमळं," धनाजी म्हणाला. "शिकल्याली बाई खोटं काढंल व्हय? मग घाण कुठली, सखूबाई?"

लोक हसले. सखूबाई हसली नाही. माझ्याकडं वळून म्हणाली, "बाई, तुमाला वास येत न्हाय व्हय?"

बोलायचं तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं, आणि माहेरच्या गावात तुझं नाव मी कसं घेऊ? पुढं शुक्रवारी, चौदा तारखेला, परत बसायचं ठरलं. त्यात पाइपाचा निकाल लागणार आहे आणि माझ्या कमळांच्या जोरावर तो कारखान्याच्या बाजूनं लागणार. म्हणून मी तुझ्याकडं कार्डं परत मागितली.

काल शाळेतून आल्यावर ती जमिनीवर ओळीनं मांडली. तुझं म्हणणं मला मनापासून पटवून घ्यायचं होतं, नंदू. पण जोड कडांना असतो. पाइप तिसऱ्या कार्डाच्या अगदी मध्यभागी आहे. त्याला कुणाशी जुळायचं होतं? आणि सगळ्यात मोठं कमळ नेमकं त्याच्याच तोंडावर. पाकळ्यांवर किती जीव ओतलायस! मला शिसारी आली. मल्हाररावांची एवढी येत नाही, ते धंदा करतात, धंद्यात माणूस डोळे झाकून घेतो. तू तर डोळे उघडे ठेवून, बारीक ब्रश घेऊन, तासभर बसली असशील. माझ्या नावावर. हे वाक्य लिहायला मला चार पानं फाडावी लागली.

पण एक गोष्ट तू विसरलीस. तुझा नियम मी पाळला होता. माझे रंग तळ्याच्याच पाण्यात कालवलेले. त्या पाण्यात कारखान्यातली भांडी धुतलेला तुपकटपणा आहे, कागदाला तो लागलाय, आणि तुझा पोस्टर कलर त्याच्यावर धरलाच नाही. कार्ड जरा वाकवलं तर कमळाला तडे गेले. नखानं उचकटलं तर पापुद्रे निघाले. कमळं सुपात घेऊन उकिरड्यावर टाकली. एका माशाचा डोळा तेवढा त्यांच्याबरोबर गेला. बाकी सगळं खाली तसंच होतं, पाइपसुद्धा. आई शेजारी बसून बघत होती. तिनं विचारलं, "नंदूनं केलं का गं ह्ये?" ती उठून आत गेली आणि रात्री जेवली नाही.

शुक्रवारी मी बैठकीत जाणार आहे. पंचायतीच्या भिंतीला पहिलं, दुसरं आणि चौथं कार्ड लावीन आणि तिसऱ्याची जागा मोकळी ठेवीन. कुणी विचारलंच तर सांगीन की ते माझ्या बहिणीकडं आहे. खोटं आता माझ्याच्यानं बोलवणार नाही.

हे पत्र पाकिटात घातलंय, कारण यातलं आपल्या दोघींतच राहावं. तिसरं कार्ड मात्र उघडंच टाकलंय, नियमाप्रमाणे. गुंडाप्पा ते आधी पारावर दाखवील, मग तुझ्याकडं निघेल. मल्हाररावांच्या हाती पडायच्या आत घे. नाकाजवळ धरून बघ, अजून वास येतो.

परंड्याची गाडी सकाळी सुटते. शुक्रवारी बैठकीला ये, येताना कार्ड घेऊन ये. नाही आलीस तर चटणी पाठवीनच, ती आईनं केलीय.

भिंतीवर तुझी जागा ठेवून,
तुझी ताई
अक्षदा