चिंगीच्या तोंडाला येणारा वास

३ जानेवारी

आलो बाई एकदाचे! दोन खोल्या, मागे नळ, आणि खिडकीतून थेट कारखान्याचं गेट. नवरा म्हणाला, आता तुला कामावर उशीर झाला तर बसच्या नावाने खडे फोडता येणार नाहीत. याच्या तोंडाला कोण लागणार! नणंद सोबत आली आहे म्हणून मला कारखान्यात नोकरी तरी धरता आली. लेकीला तीच सांभाळणार. चिंगी अजून अंगावरच पिते, पण जेवणाच्या सुट्टीत धावत येऊन पाजता येईल. नवं घर ती अशी टकामका बघत होती, जणू पसंत पडलं तरच राहणार आहे.

६ जानेवारी

काम सोपं आहे. दारं-खिडक्यांच्या चौकटींना वाळवी लागू नये म्हणून ब्रशने एक तेलकट औषध लावायचं. मुकादमबाई म्हणाल्या, विषच आहे, पण वाळवीचं. माणसाला काय धाड भरतेय? हातमोजे आहेत, पण ते घातले की ब्रश निसटतो, म्हणून ते खुंटीवरच. औषध हाताला लागलं की साबणाला दाद देत नाही. मग सुट्टी झाली की सगळ्याजणी थिनरच्या घमेल्यात हात बुडवतात. काट्याने काटा काढायचा. मी तर कोपरापर्यंत घासते. लेकीला घ्यायचं म्हणजे चेष्टा आहे का? बाकीच्या हसतात, म्हणतात, आली बघा सोवळी!

२८ जानेवारी

चिंगी हल्ली उगाच दचकते. पिता पिता पाय ताठ करते. नणंद म्हणते, दात येत असतील. माझी पापणीही सारखी फडफडते. नवरा म्हणाला, डोळा मारायचाच तर जरा लाडाने मार. मी लाटणं दाखवलं. हातांना बारीक भेगा पडल्यात, थिनर फार झोंबतं. पण हात स्वच्छ निघतात हे खरं.

९ फेब्रुवारी

दुपारी चिंगीला खांद्यावर घेतलं आणि औषधाचा वास आला. म्हटलं, हात नीट धुतले नसतील. पुन्हा धुतले. डोक्यावरून अंघोळ केली, कपडे बदलले. तरी वास. शेवटी तिच्या तोंडाजवळ नाक नेलं.

वास तिच्या तोंडाला येत होता. पोर कारखान्याच्या आसपास कधी फिरकलीसुद्धा नाही. मला एकदम भीती वाटली. नणंदेला म्हटलं, तू बघ गं. तिने वास घेतला आणि पोरीला माझ्या हातातून काढून घेतलं.

११ फेब्रुवारी

हॉस्पिटलात आहोत. सकाळी चिंगीचं अंग ताठ झालं, डोळे वर गेले.

डॉक्टरबाईंनी माझे हात उलटसुलट करून पाहिले. थिनरचं सांगितलं तेव्हा डोळे मिटून घेतले. मग कागदावर गोल काढून समजावलं. शरीरातल्या प्रत्येक पेशीला स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. पाण्यात विरघळणारं बरंचसं बाहेर अडतं. तेलात विरघळणारं विष त्या आवरणातच विरघळतं आणि पलीकडे उतरतं. थिनरने कातडीचं तेलही निघून गेलं. म्हणजे होता तो आडोसा मीच घासून काढला. कातडीतून रक्तात, रक्तातून चरबीत, आणि चरबी दुधातही असतेच.

पाजणाऱ्या बाईच्या अंगातला साठा हळूहळू कमी होतो, असंही म्हणाल्या. कमी होऊन जातो कुठे, ते मी विचारलं नाही.

१२ फेब्रुवारी

पाजायचं नाही. बाटली ती घेत नाही. तोंड फिरवते आणि माझ्याकडे हात करते. मी समोर उभी. छाती दगडासारखी झालीय, दूध काढून बेसिनमध्ये ओततेय. नवऱ्याला म्हटलं, शिव्या तरी घाल रे मला. तो नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

काम सोडलं म्हणून काय, ते आत आहेच. पोटात, मांड्यांत, कुठे कुठे — मला माझंच अंग नको झालंय.

१४ फेब्रुवारी

पुन्हा झटका. लगेच आणखी एक —

माझाही हात थरथरतोय. अक्षर बघा कसं — लिहिलं नाही तर वेड लागेल.

नाकात नळी घातलीय. डोळे उघडत नाही. ए चिंगे, बघ की गं माझ्याकडे. एकदाच —

१५ फेब्रुवारी

डॉक्टरबाई बाहेर आल्या. आधी नवऱ्याला बाजूला घेतलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला —

मग माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, तिला जवळ घ्या. पाजावंसं वाटलं तर पाजा.

मी म्हटलं, तुम्हीच तर नको म्हणालात. दूध तर तेच आहे —

म्हणाल्या, आता पाजलंत तरी चालेल.

चालेल म्हणजे — का चालेल —

नळ्या काढतायत. नणंद बोलावतेय. आले गं माझे बाई, आले, जराशी थांब, आई आ