कॅसेटीतले हात

आई, तू जाऊन वीस वर्षं झाली आणि मी आज लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं, माझी कशीबशी सातवी, म्हणजे चुका काढणारं कुणी नाही.

मी इथे टोकियोत एका म्युझियममध्ये साफसफाई करते. सध्या एका डच बाईचं प्रदर्शन लागलंय. ती व्हिडिओ काढते आणि त्यांच्या अख्ख्या खोल्या उभ्या करते. काय पुसायचं नाही ते दाखवायला तिने आम्हा बायकांना आत फिरवलं, जपानीत सांगायला एक मुलगी बरोबर. शेवटच्या दालनात चारी भिंतींवर समुद्र, जीव घाबरतो. पण पहिल्या खोलीत नुसता जुना टीव्ही आणि त्यात बटाटे सोलणारे दोन हात. "माझ्या आईचे," बाई म्हणाली. "माझं पहिलं काम. कुणी घेईना, म्हणून चपलांच्या दुकानाच्या काचेत लावलं. आता देशोदेशी बोलावतात, पण हा टीव्ही मी सगळीकडे नेते."

मी फडकं धरून तिथेच उभी. तूही कॅसेट पाठवली होतीस. मी फोनवर सारखी सांज्याची पोळी विचारायची, तू वैतागायचीस, "सांगून येतं होय? बघावं लागतं." मग मामेबहिणीच्या लग्नातला शूटिंगवाला धरून आणलास आणि शेगडीपुढे उभा केलास. कॅसेट लावून बघायला आमच्याकडे मशीन नव्हतं. घर बदलताना मी ती कचऱ्यात टाकली. इथे कचरा नीट वेगळा केला नाही तर नेत नाहीत, पिशवीला चिठ्ठी लावून तिथेच ठेवतात. तशी ती राहिली. म्हणजे कॅसेट मला परत मिळाली होती, आई. आणि मी चिडून तिचा खोका वेगळा केला, कॅसेट वेगळी केली, आणि ज्या कचऱ्याचा जो वार, त्या वारी नेऊन टाकली.

मग तुझा फोन. "बघितलीस का गं?"

"हो, बघितली."

"कशी दिसते मी?"

"छान दिसतेस."

"अगं, मी कुठे आहे त्यात? नुसते हात घेतलेत मेल्याने." हसलीस, आणि जावयाचं विचारायला लागलीस. महिन्याभरात गेलीस.

डच बाईने विचारलं, तुझ्या आईची आहे का अशी फिल्म? मी म्हटलं, घरी आहे. "मग आण, इथे मशीन आहे, लावून बघू." रोज विचारते. मी रोज सांगते, विसरले.

हा कागद गुरुवारच्या रद्दीत टाकणार होते. नाही टाकत, फ्रिजवर ठेवते. आणि सांज्याची पोळी मला अजून येत नाही. फाटते.