आठव्या झुरळाची वाट

८ सप्टेंबर, सकाळी ७
मोरीजवळ मोठा किडा. तांबूस, पंखवाला, अंगठ्याएवढा. कौसल्या ओरडली, झुरय हाये म्हणे. शांतपणे समजावलं की एवढं मोठं झुरळ नसतं, हा भुंगेरा, शेतातून आला असणार. बत्तीस वर्षं कृषी सहायक होतो, नेर तालुक्यातली एकही कीड ओळखायची सोडली नाही. पण घरात कोण ऐकतं!

९ सप्टेंबर
आज पाच भुंगेरे. एक कणकेच्या डब्यावर बसून मिशा हलवत होता. भुंगेऱ्याला इतक्या लांब मिशा नसतात. पुस्तक पाहणे.
शेजारच्या सुग्राबी आल्या होत्या. म्हणे, भाऊ, नालीतले झुरळं व्हय हे, मोरीच्या भोकावर वीट ठेवा. वीट! हसू आवरलं नाही.

१० सप्टेंबर
पुस्तक पाहिलं. झुरळच, पण मोठ्या जातीचं. म्हणजे माझं निदान जवळपास बरोबर होतं.
कौसल्येला सांगितलं की लगेच फवारायचं नसतं. सापळ्यात रोज आठ, सलग तीन दिवस, तेव्हा आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असं धरतात. बोंडअळीला हा नियम आहे, झुरळाने काय वेगळं केलंय? तिने विचारलं, मंग आठवं झुरय येईस्तोवर मी सयपाक करू का नाई? प्रश्न अशास्त्रीय.

१२ सप्टेंबर
काल स्वयंपाकघरात कामगंध सापळा टांगला होता, मादीच्या वासाने नर ओढणारा. घरात शिल्लक होता, बोंडअळीचा. आज मोजणी: झुरळं शून्य, बोंडअळीचे नर पतंग अकरा. सापळ्याची क्वालिटी उत्तम.

१५ सप्टेंबर
तीन दिवसांपूर्वी चिकट सापळे लावले. परवा नऊ, काल आठ, आज सात. आठवं माझ्या खांद्यावर होतं, पण नियमात सापळ्यातलंच धरतात. फवारणी रद्द.
कौसल्येने बॅग भरली. बाभुळगावला बहिणीकडे, इंदुताईकडे गेली. तुमचं मोजनं झालं की सांगा, मंग येतो मी, म्हणे. दोन दिवसांत येईल.

१९ सप्टेंबर
आली नाही. निंबोळी अर्क फवारला, पाच टक्के. चहा कडू, पोळी कडू, मी खोकतोय. झुरळं टवटवीत.
फोन केला. तिने माझी नाही, झुरळांची तब्येत विचारली. करमत नाही. तिच्या हातचं वरण आठवतं. हे फक्त इथेच लिहितोय.

२० सप्टेंबर
मोरीवर वीट ठेवली. केवळ तुलनात्मक प्रयोग म्हणून. सुग्राबींना सांगायची गरज नाही.

२२ सप्टेंबर
काल तीन, आज शून्य! निंबोळी अर्काचा परिणाम उशिरा दिसतो, हे मी नेहमीच सांगत आलो.
कालची तिन्ही बरणीत ठेवली आहेत. कौसल्येला पुरावा नको का? नमुने जिवंत राहावेत म्हणून झाकणाला भोकं पाडली. ऐसपैस.

२३ सप्टेंबर, दुपारी २, बाभुळगाव
बरणीची पिशवी इंदुताईंच्या स्वयंपाकघरात ठेवून जेवलो. पुरावा काढायच्या आतच कौसल्या निघायला तयार! बहिणीकडेही किती दिवस राहावं मानसानं, म्हणे. माझ्याशिवाय तिलाही करमलं नसणार. फार बरं वाटलं. सगळं शास्त्रशुद्ध नियोजनाचं फळ.

२३ सप्टेंबर, सायंकाळी ७, नेर
घरात शिरताच कौसल्येने वीट पाहिली. लगेच सुग्राबींना हाक मारून चहाला बोलावलं. मी दोघींसमोर अर्काचा पुरावा काढला. बरणी रिकामी.
इतक्यात इंदुताईंचा फोन. त्यांच्या ओट्यावर मोठा किडा आहे म्हणे, तांबूस, पंखवाला, एकूण तीन. मी धीर दिला, भुंगेरा असेल.
कौसल्येने माझ्या हातून फोन घेतला आणि सांगितलं, इंदे, वीट ठेव.